मधले सहा आठवडे

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या दक्षिणेला मॅक्लेसफील्ड नावाचे गाव आहे. एकेकाळी ते रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस या गावातल्या सरकारी रोजगार कार्यालयात इयान कर्टिस नावाचा विशीतला तरुण काम करत असे. अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या माणसांना नोकरी मिळवून देण्यास मदत करणे, हे त्याचे काम. संध्याकाळ झाली की हाच तरुण ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक होई. त्याचा धीरगंभीर, खोल आवाज आणि त्याने लिहिलेली गाणी आज चार दशकांनंतरही जगभर ऐकली जातात.

१८ मे १९८० रोजी, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी, आत्महत्येने इयानचा मृत्यू झाला. त्याआधी सुमारे सहा आठवडे त्याने एक प्रयत्न केला होता आणि त्यातून तो वाचला होता. त्याच्या आयुष्यावर पुस्तके लिहिली गेली, चित्रपट निघाले, त्याच्या गाण्यांचे असंख्य अर्थ लावले गेले. वैद्यकीय दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहेत ते मधले सहा आठवडे.

कवितेची ओढ असलेला मुलगा

इयानचा जन्म १५ जुलै १९५६ रोजी मँचेस्टरजवळच्या स्ट्रेटफर्ड येथे एका साध्या कामगारवर्गीय घरात झाला. बालपण मॅक्लेसफील्डमध्ये गेले. मुलगा हुशार होता. अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून तो गावातल्या नामांकित किंग्ज स्कूलमध्ये दाखल झाला. मात्र अभ्यासापेक्षा त्याचे मन कवितेत, वाचनात आणि डेव्हिड बोवी, लू रीड, इगी पॉप यांच्या संगीतात अधिक रमे. ऑगस्ट १९७५मध्ये डेबोरा वूड्रफ या मैत्रिणीशी त्याचे लग्न झाले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि ती १८ वर्षांची. पुढे सरकारी नोकरी लागली, कर्ज काढून छोटे घर झाले. वरवर पाहता संसाराची गाडी रुळावर होती.

१९७६च्या उन्हाळ्यात मँचेस्टरमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या बँडचे दोन कार्यक्रम झाले. श्रोते मूठभर होते, पण त्यांतल्या कित्येकांनी नंतर स्वतःचे बँड काढले. बर्नार्ड समनर आणि पीटर हूक हे दोन तरुण त्यांतलेच. इयान त्यांचा गायक झाला आणि काही काळाने स्टीफन मॉरिस ड्रमर म्हणून आला. बँडचे नाव आधी ‘वॉर्सा’ होते, ते १९७८च्या सुरुवातीला ‘जॉय डिव्हिजन’ झाले. चौघेही विशीतले. संगीताचे रीतसर शिक्षण फारसे कोणाचे नव्हते आणि हाती पैसा तर नव्हताच. दिवसभर नोकरी करायची, रात्री तालीम आणि शनिवार-रविवार कुठल्या तरी पबमध्ये कार्यक्रम, असा क्रम सुरू झाला.

रोजगार कार्यालयात इयानकडे एक तरुणी नोकरीच्या शोधात येत असे. तिला अपस्मार होता, म्हणजे ज्याला आपण फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतो तो आजार. काही दिवसांनी ती येईनाशी झाली. तिला काम मिळाले असावे, असे इयानला वाटले. पुढे कळले की आकडीतच तिचा मृत्यू झाला होता. ही मुलगी त्याच्या मनातून गेली नाही. बँडच्या गाजलेल्या गाण्यांपैकी ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे तिच्यावरूनच सुचलेले आहे.

टेबलाच्या पलीकडची खुर्ची

२७ डिसेंबर १९७८ रोजी बँडचा लंडनमधला पहिला कार्यक्रम झाला. श्रोते अगदीच थोडे होते. हिरमुसलेले चौघे रात्री गाडीने परत निघाले. वाटेत इयानला मोठी आकडी आली. हे काय चालले आहे, ते बरोबरच्या मित्रांना उमजेना. त्यांनी त्याला वाटेतल्या एका रुग्णालयात नेले. जानेवारी १९७९मध्ये निदान पक्के झाले, अपस्मार. जे आजारी लोक रोज टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून नोकरीची वाट पाहत, त्यांच्या रांगेत वयाच्या २२व्या वर्षी इयान स्वतः जाऊन बसला. फिट येणाऱ्या माणसाला नोकरी देताना मालक कसे कचरतात, समाज कसा दोन हात लांब राहतो, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते त्याच्या रोजच्या कामातच दिसत होते.

मेंदूतल्या पेशी सूक्ष्म विद्युत संदेशांच्या साह्याने एकमेकींशी बोलतात. या संदेशांचा अचानक आणि अनियंत्रित लोंढा आला की आकडी येते. आजार नियंत्रणात ठेवायचा तर औषधे वेळच्या वेळी घ्यावी लागतात, झोप पुरेशी लागते आणि दारूपासून दूर राहावे लागते. काही थोड्या रुग्णांत लुकलुकणाऱ्या प्रखर प्रकाशानेही आकडी येते. आता बँडच्या गायकाचे आयुष्य डोळ्यांसमोर आणा. रात्री-अपरात्रीचे प्रवास, जागरणे, पबमधले वातावरण, डोक्यावर लखलखणारे दिवे आणि सकाळी पुन्हा कार्यालय! डॉक्टरांनी जे टाळायला सांगावे, ते सगळे या यादीत होते.

एप्रिल १९७९मध्ये इयानला मुलगी झाली. आपल्याला आकडी येईल आणि बाळ हातातून पडेल, या धास्तीने तो तिला उचलून घ्यायला कचरत असे. आजार माणसाकडून काय काय हिरावून घेतो, याची कल्पना तपासणीच्या कागदावरून येत नाही. पोटच्या लेकराला उराशी धरण्याचीही भीती वाटावी, हे त्या तरुण बापाचे रोजचे जगणे होते.

जून १९७९मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ हा बँडचा पहिला अल्बम आला आणि समीक्षकांनी तो उचलून धरला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘बझकॉक्स’ या नामवंत बँडबरोबर ब्रिटनभर मोठा दौरा झाला. नोकरी सुटली, संगीत हाच पूर्णवेळचा व्यवसाय झाला. जानेवारी १९८०मध्ये युरोपचा दौरा आणि मार्चमध्ये लंडनला दुसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण, अशी धावपळ सुरूच राहिली. स्टेजवर इयान हात वेगाने हलवत, झटके दिल्यासारखा नाचे. तीच त्याची ओळख बनली होती. अनेकदा गाता गाता त्याला खरोखरच आकडी येई. ही नाचाची लय की आजाराचा झटका, हे प्रेक्षकांना कळत नसे. कधी कधी तर ते टाळ्या वाजवत. सहकारी त्याला उचलून आत नेत. शुद्धीवर आल्यावर त्याला लाज वाटे, अपराधी वाटे आणि तो पुन्हा पुढच्या कार्यक्रमाला उभा राही.

मेंदू एक, आजार दोन

अपस्मार आणि नैराश्य यांचे नाते जवळचे आहे आणि ते दोन्ही बाजूंनी चालते. अपस्माराच्या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. उलट, ज्यांना आधी नैराश्य आहे, त्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यताही काहीशी वाढलेली दिसते. भावनांचे नियमन करणारे मेंदूचे काही भाग आणि जिथून आकडी उद्भवते ते काही भाग शेजारी-शेजारी, कधी कधी तर एकच असतात. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे झालेल्या मोठ्या अभ्यासात, अपस्मार असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांच्या तुलनेत साधारण तिप्पट आढळला. निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तो अधिकच होता.

त्यात औषधांचा प्रश्न. इयानच्या काळात अपस्मारावर मर्यादित औषधे होती. त्यातले फिनोबार्बिटोनसारखे औषध आकडी रोखते, पण गुंगी आणते, विचार मंद करते आणि काहींचे मन खिन्न करते. इयानला अनेक औषधे दिली गेली, ती बदलून पाहिली गेली, तरी आकड्या थांबल्या नाहीत. त्याच्या स्वभावात पडलेला फरक घरच्यांना आणि मित्रांना जाणवत होता. त्यातले किती आजारामुळे, किती औषधांमुळे आणि किती परिस्थितीमुळे, हे आज कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. आज यापेक्षा बरीच सौम्य औषधे उपलब्ध आहेत. तरीही त्यातल्या काहींनी मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून अपस्माराच्या रुग्णाला झोप कशी लागते, किती फिट आल्या, या प्रश्नांबरोबर मन कसे आहे, हेही प्रत्येक भेटीत विचारायला हवे. रुग्णानेही ते आपणहून सांगायला हवे. मात्र या भीतीने औषध परस्पर बंद करणे अत्यंत धोकादायक आहे. एकाएकी औषध थांबवले तर न थांबणाऱ्या आकड्या येऊन जिवावर बेतू शकते. औषध बदलायचे असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

इयानच्या संसारातही याच काळात ताण आला होता. बेल्जियममधल्या एका तरुणीशी त्याची जवळीक झाली होती. पत्नीने घटस्फोटाची प्रक्रिया सुरू केली होती. अपराधीपणा, आजार, कामाचा रेटा आणि पैशांची ओढाताण, सगळे एकाच वेळी अंगावर आले होते. आत्महत्येचे कारण म्हणून लोक बहुधा एकच गोष्ट शोधतात, आणि मग कोणा एकाच्या माथी खापर फोडले जाते. इयानच्या बाबतीतही तसे झाले. प्रत्यक्षात आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. अनेक ओढे एकत्र येऊन पूर येतो, तसेच हे आहे.

प्रयत्न आणि दुसरी संध्याकाळ

४ एप्रिल १९८० रोजी लंडनमध्ये बँडचे एकाच रात्री दोन ठिकाणी कार्यक्रम होते. पहिल्या ठिकाणी लुकलुकणाऱ्या दिव्यांत इयानला मोठी आकडी आली आणि तो ड्रमवर कोसळला. थोडा सावरल्यावर त्याला दुसऱ्या ठिकाणी नेण्यात आले. तिथे गाताना पुन्हा आकडी आली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळीच रुग्णालयात नेल्यामुळे तो वाचला.

८ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या बरी या गावी बँडचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तो रद्द झाला नाही. रुग्णालयातून इयानला थेट तिथे आणण्यात आले. तो एक-दोन गाण्यांपुरता स्टेजवर आला. बाकीची गाणी इतर बँडच्या गायकांनी सांभाळून घेतली. प्रेक्षक चिडले, बाटल्या फेकल्या गेल्या, हाणामारी झाली, काही जण जखमी झाले. हे सगळे आपल्यामुळे झाले, असे वाटून इयान रडत होता.

त्या रात्री त्याच्या भोवती असलेली माणसे निष्ठुर नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. ती त्याच्यावर जीव टाकणारी माणसे होती. बहुतेक जण विशीतले, व्यवस्थापक रॉब ग्रेटन आणि रेकॉर्ड कंपनीचे टोनी विल्सन त्यांच्यापेक्षा थोडेच मोठे. पुढच्या दिवसांत त्याला काही काळ विल्सनच्या घरी, काही काळ समनरकडे आणि मग आई-वडिलांकडे ठेवण्यात आले. एकदा दफनभूमीतून चालत जाताना समनरने त्याला एका दगडाकडे बोट दाखवून सांगितले की, थोडक्यात वाचलास, नाहीतर इथे तुझे नाव असते. मित्राने मित्राला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगाव्यात, तसेच ते होते. इयानने मान डोलावली आणि विषय तिथेच संपला. आत काय चालले आहे, हे त्याने सांगितले नाही आणि ते नेमके कसे विचारायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच्या गाण्यांतून ते डोकावत होते. दुसऱ्या अल्बममधली गाणी अपराधभाव, एकटेपणा आणि थकव्याने भरलेली आहेत. त्या बेल्जियन तरुणीला ती ऐकून काळजी वाटली आणि तिने ती विल्सनकडे बोलून दाखवली. ही कला आहे, यात इतके मनाला लावून घेण्यासारखे काही नाही, असे विल्सनना तेव्हा वाटले. पुढे त्यांनी स्वतःच ही गोष्ट खेदाने सांगितली. कलावंताचे दुःख हे त्याच्या कलेचे भांडवल मानण्याची सवय आपल्याकडेही आहे. एखादा मुलगा सतत मरणाबद्दल लिहू लागला, कविता, डायरी, मोबाइलवरचे स्टेटस यांतून निरवानिरवीची भाषा येऊ लागली, तर ती ‘चांगली लिहिली आहे’ म्हणून सोडून द्यायची नसते. लिहिणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचे असते.

एप्रिल-मेमधले काही कार्यक्रम रद्द झाले, पण सगळे नाही. २ मे रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात बँडने शेवटचा कार्यक्रम केला. १९ मे रोजी सगळे अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यासाठी विमानाने निघणार होते. दौऱ्याच्या आधीच्या दिवसांत इयान मित्रांशी हसत-बोलत होता, अमेरिकेबद्दल उत्साहाने बोलत होता. त्यामुळे सर्वांना हायसे वाटले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्याच्या मृत्यूची बातमी आली.

‘जिवावरचे बोटावर निभावले’

आत्महत्येच्या प्रयत्नातून कोणी वाचले की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. जिवावरचे बोटावर निभावले, असे मोठी माणसे म्हणतात. मग ठरते की आता हा विषय काढायचा नाही, खपली काढायची नाही. चार लोकांत वाच्यता होऊ नये म्हणून रुग्णालयातून लवकर घरी नेण्याची घाई होते. पोटातले विष उतरले, जखम भरली, रक्ताचे अहवाल ठीक आले की सर्वांच्या लेखी आजार संपतो. आठवड्याभरात मुलगा कॉलेजला, नवरा कामावर, सून चुलीपाशी. इयानच्या बाबतीत तर दुसऱ्याच दिवशी कार्यक्रम होता.

वैद्यकशास्त्राचा अनुभव नेमका उलट आहे. आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सर्वाधिक जोखमीचे असतात. ज्या कारणांनी माणूस त्या टोकापर्यंत गेला, ती कारणे जागच्या जागी असतात. वर शरमेची भर पडलेली असते. त्यात तो हसू-बोलू लागला तर पहारा सैल पडतो. चेहऱ्यावरचे हसू खोटेच असते असे नाही. जगावेसे वाटणे आणि जगणे असह्य होणे, या दोन्ही भावना एकाच मनात एकाच दिवशी असू शकतात. म्हणूनच मदतीला वाव असतो. मरणाची तीव्र इच्छा बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. ती लाट ओसरेपर्यंत माणूस एकटा नसणे आणि हाताशी घातक काही नसणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

या काळात काय केले म्हणजे फरक पडतो, याचे एक महत्त्वाचे उत्तर भारतातूनही मिळाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला. त्यातले एक केंद्र चेन्नई होते. प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर घरी सोडताना सुमारे तासभर नीट समजावून सांगितले गेले आणि पुढच्या १८ महिन्यांत ठरावीक अंतराने नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस केली गेली. कसे आहात, काही हवे का, इतपतच. १८ महिन्यांनी पाहिले तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने दगावले होते. विचारपूस झालेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. महागडी यंत्रे नाहीत, नवे औषध नाही. कोणीतरी आठवणीने पुन्हा विचारले, एवढाच फरक.

१९८०मध्ये हे ज्ञान इयानच्या मित्रांकडे नव्हते आणि डॉक्टरांकडेही मोजकेच होते. आज ते आपल्याकडे आहे.

घरच्यांनी काय करावे

घरातले, ओळखीतले कोणी अशा प्रयत्नातून वाचले असेल, तर रुग्णालय सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झालीच पाहिजे. पुढची तारीख हातात घेऊनच घरी जावे. पहिले काही आठवडे त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. सोबतीची पाळी लावून घ्यावी, म्हणजे एकाच माणसावर भार येत नाही. घरातली औषधे कुलपात ठेवावीत आणि एका वेळी थोड्याच दिवसांची आणावीत. शेतकरी कुटुंबात कीटकनाशके घरात ठेवूच नयेत. ती घराबाहेर कुलूपबंद असावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. दारू पूर्ण बंद. परीक्षा, नोकरी, दौरा, लग्नकार्य, काहीही असले तरी ते थांबू शकते. परतण्याची घाई करू नये. कामावर परतायचे तेव्हाही हळूहळू, डॉक्टरांशी बोलून.

विचारायचे कसे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. सरळ शब्दांत विचारावे. जीव द्यावासा वाटतो का, असे विचार पुन्हा येतात का, असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते, कारण जे बोलता येत नव्हते ते कोणीतरी उच्चारलेले असते. उत्तर ऐकताना उपदेश नको, तुलना नको, आई-वडिलांचा विचार केला नाहीस का, अशी बोचणी तर नकोच. ऐकून घ्यावे आणि उपचारांपर्यंत सोबत जावे.

पोलीस प्रकरण होईल, या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णालयात यायला उशीर करतात किंवा खरे कारण लपवतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली आहे असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. जुन्या दंडसंहितेतले आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ हे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. तेव्हा खरे कारण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. योग्य उपचारांसाठी ते अत्यावश्यक आहे.

या प्रश्नाचा आकारही लक्षात घ्यायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६, मृत्यू महाराष्ट्रातले होते. प्रयत्नातून वाचलेल्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते. म्हणजे आपल्या राज्यात आज या क्षणीही असंख्य घरे त्या ‘मधल्या आठवड्यां’तून जात असतील.

मागे राहिलेले

जुलै १९८०मध्ये ‘क्लोजर’ हा दुसरा अल्बम प्रकाशित झाला. तो गाजला, पण ते यश पाहायला इयान नव्हता. उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने नवा बँड उभा केला आणि तो जगप्रसिद्ध झाला. तरीही त्यांच्या मुलाखतींत, आठवणींत तो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. आम्हाला कळले कसे नाही? पत्नी डेबोरा हिने १९९५मध्ये त्यांच्या सहजीवनावर पुस्तक लिहिले. त्यावर आधारित ‘कंट्रोल’ हा चित्रपट २००७मध्ये आला. आत्महत्येने माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचे दुःख वेगळे असते. त्यात शोकाबरोबर अपराधीपणा, राग आणि लोकांच्या नजरा असतात. अशा कुटुंबाला कारणे विचारत बसण्यापेक्षा त्यांच्याकडे जाणे, जेवणाचा डबा पोचवणे, गेलेल्याचे नाव घेऊन त्याच्या चांगल्या आठवणी काढणे, याचा आधार मोठा असतो. गरज वाटल्यास त्यांनाही समुपदेशन मिळायला हवे.

इयानच्या मृत्यूला अनेकदा एक काव्यमय वलय दिले जाते. दुःखी प्रतिभावंताचा तोच अटळ शेवट होता, असे भासवले जाते. हे खरे नाही. त्याला उपचार करता येण्याजोगे दोन आजार होते, विश्रांतीची गरज होती आणि कठीण काळातून सुखरूप पलीकडे नेणारी व्यवस्था भोवती नव्हती. तो जगला असता तर आज सत्तरीच्या आसपासचा गृहस्थ असता. मॅक्लेसफील्डच्या दहनभूमीत त्याच्या स्मृतीचा एक साधा दगड आहे. जगभरातून आलेले तरुण तिथे फुले ठेवतात. त्यातला एखादा स्वतःच अंधारातून जात असेल, तर त्याला तिथे एवढेच कळावे, की ती लाट ओसरते आणि तोवर हात धरायला माणसे असतात. हात पुढे करणे, हे आपले काम आहे.

*मनात जीव देण्याचे विचार येत असतील किंवा ओळखीच्या कोणाबद्दल अशी काळजी वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे.*